खाऱ्या वाऱ्यातला गॅरेजचा दरवाजा: गंज कुठून येतो आणि त्याला कसं थोपवायचं

समुद्राजवळच्या घरात गॅरेजचा दरवाजा इतक्या लवकर का गंजतो, असं विचारलं की पहिलं बोट पावसाकडे जातं. दरवाजा नीट निरखून पाहिला तर मात्र वेगळंच दिसतं. ज्या पत्र्यावर पाऊस थेट आपटतो तो बऱ्यापैकी धड असतो. छज्ज्याच्या आडोशाची वरची पट्टी, आतल्या बाजूच्या बिजागऱ्या, दरवाजाची चाकं धावतात त्या ट्रॅकचं वरचं वळण, जमिनीलगतचे कोपरे अशा जागी पावसाचा थेंबही पोचत नाही, आणि लाल पापुद्रे सुटलेले असतात ते नेमके तिथेच.

हे उलटं वाटतं, पण सगळी मेख इथेच आहे. पाऊस दरवाजा भिजवतो तसा तो धुऊनही काढतो. लोखंड खातं ते न धुतलं गेलेलं मीठ. एवढं एकदा डोक्यात पक्कं बसलं की कुठे लक्ष द्यायचं, कोणता सुटा भाग घ्यायचा आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे बरंचसं आपोआप उलगडतं.

मीठ पत्र्याला वाळू देत नाही

लाटा फुटतात तेव्हा पाण्यात कोंडलेले हवेचे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार हवेत उडतात. वारा ते घरांपर्यंत आणतो. त्यातला मोठा वाटा किनाऱ्यापासून पहिल्या काहीशे मीटरमध्येच खाली बसतो आणि पुढे प्रमाण झपाट्याने घटतं. पण वारा जोराचा असेल आणि मध्ये झाडं किंवा इमारती नसतील, तर हे मीठ बरंच आत पोचतं. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन घरांत, समुद्राकडे तोंड असलेल्या दरवाजाची आणि पाठ असलेल्या दरवाजाची अवस्था पार वेगळी असू शकते.

मीठ नुसतं पडून राहिलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण मीठ हवेतली वाफ ओढून घेतं. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओढलेल्या पाण्यात आपणच विरघळायला लागतं. दमट दिवसांत बरणीतलं मीठ पाझरतं ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. दमट किनाऱ्यावर आर्द्रता इतकी खाली क्वचितच उतरते. म्हणजे दरवाजा डोळ्यांना कोरडा दिसतो, हाताला कोरडा लागतो, तरी पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक पातळ पापुद्रा जवळजवळ कायम असतो. गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. तिला पाणी, प्राणवायू आणि वीज वाहून नेणारे क्षार लागतात, आणि या पापुद्र्यात तिन्ही आयते मिळतात.

दवाची भर वेगळी. हवा ३० अंश सेल्सिअसची आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो. रात्रभरात पत्रा, ट्रॅक किंवा स्प्रिंग २६ अंशांच्या खाली गेली, आणि सकाळी उबदार दमट हवा आत शिरली, की त्या धातूवर घाम सुटल्यासारखं पाणी जमतं. हवा खेळावी म्हणून भल्या सकाळी दरवाजा सताड उघडा ठेवण्याची सवय चांगल्या हेतूची असली, तरी दमट प्रदेशात तिने धातू जास्त भिजतो. ऊन वर येऊन आतल्या वस्तू थोड्या तापल्या की मग उघडणं बरं.

याचा वेग किती, हे सांगणारं आयएसओ ९२२३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात हवेचे सी१ पासून सी५ पर्यंत आणि त्याही पुढचा सीएक्स असे वर्ग पाडले आहेत. सी३ म्हणजे मध्यम हवेत उघडं साधं पोलाद पहिल्या वर्षात २५ ते ५० मायक्रॉन झिजतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सी५ हवेत, म्हणजे खाऱ्या किनाऱ्यालगत, हाच आकडा ८० ते २०० मायक्रॉनपर्यंत जातो. पोलाद वाचवायला त्यावर चढवलेलं जस्त बरंच सावकाश झिजतं: सी३ मध्ये वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन, सी५ मध्ये ४.२ ते ८.४.

आता हे आकडे आपल्या दरवाजाला लावून पाहू. झेड२७५ दर्जाच्या गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असतं, म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. मध्यम हवेत ते एकटं दहा वर्षं सहज टिकेल, नशीब चांगलं असेल तर त्याच्या दुपटीहून जास्त. किनाऱ्यालगत तेच जस्त अडीच ते पाच वर्षांत संपतं. आणि नेहमीच्या चकचकीत, विजेने मुलामा दिलेल्या नट-बोल्टवर तर पाच ते आठ मायक्रॉनच जस्त असतं, ते वर्ष-दोन वर्षांत जातं. दरवाजा नवा दिसत असताना त्याचे बोल्ट म्हातारे का झाले, याचं उत्तर या हिशेबात आहे. पत्र्यावर जस्ताच्या वर रंगही असतो, म्हणून तो जास्त टिकतो. बोल्टला तो आधारही नसतो.

डोळ्यांनी ओळखायची खूण सोपी आहे. धातूवर पांढरी, खडूसारखी भुकटी दिसली तर जस्त स्वतः झिजून खालचं पोलाद वाचवतंय असं समजा. ही वेळ धुऊन, पुसून, संरक्षक थर देण्याची असते, आणि या टप्प्यावर लक्ष दिलं तर भाग वाचतो. लाल-तपकिरी डाग दिसले म्हणजे त्या जागचं जस्त संपलं आणि पोलाद उघडं पडलं.

धुणं हीच खरी देखभाल

किनाऱ्यावरच्या दरवाजासाठी एकच काम करायला वेळ असेल, तर तो गोड्या पाण्याने धुवा. तेल, रंग, महागडे स्प्रे हे सगळं त्याच्यानंतर. मिठावर तेल मारलं तर मीठ तेलाखाली बसून राहतं. मिठावर रंग मारला तर ते रंगातून पाणी ओढतं, आणि काही महिन्यांत तिथे फोड येतात.

बागेच्या नळीचं साधं पाणी पुरतं. वरून खाली धुवायचं, मऊ कापड किंवा स्पंज आणि बादलीभर पाण्यात थोडासा सौम्य साबण वापरायचा, आणि शेवटी साबण पूर्ण निघेपर्यंत पुन्हा गोडं पाणी मारायचं. प्रेशर वॉशर टाळा. त्याचं पाणी दोन पट्ट्यांमधल्या सांध्यात, बेअरिंगमध्ये आणि इन्सुलेशनच्या थरात घुसतं, आणि तिथून ते बाहेर यायला मार्गच नसतो. ब्लीच तर नकोच, त्यात क्लोरीन आहे आणि आपल्याला क्लोराइडच तर घालवायचं आहे.

बाहेरची बाजू बहुतेकजण धुतात. आतली बाजू कुणी धुत नाही, आणि खरी गरज तिथेच असते. आतून नळी सोडणं शक्य नसतं, कारण सामान असतं, मोटर असते, वायरी असतात. त्यासाठी गोड्या पाण्यात पिळलेलं कापड घ्या आणि बिजागऱ्या, रोलरचे (ट्रॅकमधल्या चाकांचे) दांडे, ट्रॅकच्या आतल्या कडा, पट्ट्यांच्या आडव्या कडा एकेक करून पुसा. कापड खळबळून पुन्हा एकदा, मग कोरड्या कापडाने. आडव्या कडांवर बोट फिरवलंत तर बारीक खरखरीत थर लागेल. ते मीठ आणि धूळ असते, आणि त्याखालीच गंज सुरू होतो. स्प्रिंग, केबल आणि केबल अडकवलेले तळाचे कंस यांना मात्र दाबून घासायचं नाही. त्याचं कारण पुढे येतंच.

किती वेळा? लाटांचा आवाज घरात ऐकू येत असेल तर दोन आठवड्यांतून एकदा, थोडं आत असाल तर महिन्यातून एकदा, असा अंदाज ठेवायला हरकत नाही. कॅलेंडरपेक्षा हवेकडे पाहून ठरवलेलं जास्त चांगलं. कोरडा, जोराचा समुद्री वारा आठवडाभर वाहिला आणि पाऊस पडलाच नाही, तर लगेच धुवा. वादळ येऊन गेल्यावर तर त्याच दिवशी.

दरवाजाच्या सगळ्यात खालच्या पट्टीकडे वाकून पाहा. इन्सुलेशन असलेल्या अनेक दरवाजांना खालच्या कडेवर बारीक भोकं किंवा फटी ठेवलेल्या असतात. आत शिरलेलं पाणी तिथून निथळावं म्हणून त्या असतात. रंगकाम करताना किंवा सिलिकॉन भरताना हौसेने त्या बुजवल्या जातात आणि मग पट्टी आतून सडते. बुजल्या असतील तर काडीने मोकळ्या करा. तळाच्या रबरी पट्टीच्या खोबणीतही वाळू आणि खारं पाणी साचतं, तीही धुवायची. रबर कडक झालं असेल, चिरा गेल्या असतील किंवा दरवाजा बंद असताना खालून उजेड दिसत असेल, तर पट्टी बदला. ईपीडीएम रबर ऊन आणि दमट हवा साध्या व्हिनाइलपेक्षा चांगलं सोसतं.

आणखी एका गोष्टीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात फरशी साफ करायचं अ‍ॅसिड किंवा पोहण्याच्या तलावाचं क्लोरीन ठेवलेलं असतं. झाकण घट्ट असलं तरी थोडी वाफ सुटतेच, आणि बंद जागेत ती धातूवर बसते. एकट्या त्या डब्यामुळे आसपासच्या बिजागऱ्या आणि स्प्रिंगा लाल झालेल्या दिसतात. तो डबा गॅरेजबाहेर, हवेशीर जागी हलवा.

स्प्रिंग आणि केबल: इथे हात आवरायचा

दोन गाड्यांच्या रुंदीचा पोलादी दरवाजा सहज ७० ते १०० किलो भरतो, लाकडी त्याहून जड. तरी तो एका हाताने उचलता येतो, कारण त्याचं जवळजवळ सगळं वजन स्प्रिंग पेलते. मोटरसुद्धा वजन उचलत नाही, ती फक्त तोललेल्या दरवाजाला पुढे-मागे ढकलते. म्हणून मोटर कण्हायला लागली की बहुतेक वेळा दोष स्प्रिंगचा असतो, आणि नवी मोटर बसवून तो जात नाही.

दरवाजाच्या वर आडव्या दांड्यावर बसवलेल्या, पीळ दिलेल्या स्प्रिंगला टॉर्शन स्प्रिंग म्हणतात. नेहमीची स्प्रिंग साधारण १०,००० आवर्तनांसाठी बनवलेली असते. एकदा उघडून बंद करणं म्हणजे एक आवर्तन. दिवसाला चार धरली तर हिशेब सात वर्षांच्या जरा खाली येतो. हा हिशेब स्वच्छ तारेचा आहे. खाऱ्या हवेत तारेवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. दर वेळी पीळ बसतो तेव्हा ताण त्या खड्ड्याच्या टोकाशी एकवटतो, तिथून चीर सुरू होते आणि थोडी-थोडी आत सरकत जाते. एक दिवस स्प्रिंग बंदुकीच्या बारासारखा आवाज करून तुटते. तुटलेली स्प्रिंग ओळखणं सोपं आहे: वेटोळ्यांमध्ये मध्येच काही सेंटिमीटरची मोकळी फट दिसते.

स्प्रिंगची देखभाल तुम्ही करू शकता ती एवढीच: दरवाजा पूर्ण बंद करा, मोटरचा प्लग काढा, वेटोळ्यांवर लाल थर चढलाय का ते लांबून बघा, आणि त्यांवर स्प्रिंगसाठीचं तेल किंवा लिथियम ग्रीसचा स्प्रे हलका मारून कापडाने जास्तीचं टिपून घ्या. दर दोन-तीन महिन्यांनी हे केलं तर ओल तारेपर्यंत पोचायला अडथळा येतो. दरवाजा बंद असताना स्प्रिंगमध्ये सगळ्यात जास्त पीळ असतो, हे विसरू नका. तिचे स्क्रू सैल करणं, तिला घट्ट करायचा प्रयत्न करणं, दांड्याचे कंस काढणं, यातलं काहीही घरी करायचं नाही. सुटलेली स्प्रिंग हाताची हाडं मोडते, जीवही घेऊ शकते.

केबलचंही तसंच. स्प्रिंगचा जोर दरवाजापर्यंत पोचवणाऱ्या या पोलादी दोऱ्या साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या, अनेक बारीक तारा पिळून केलेल्या असतात. दरवाजाच्या दोन्ही तळकोपऱ्यांत एकेक कंस असतो आणि केबलचं टोक त्यात अडकवलेलं असतं. ही जागा गुडघे टेकून, टॉर्च मारून पाहण्यासारखी आहे. ओल्या टायरचं पाणी इथे उडतं, वाऱ्याने आलेली वाळू इथे साचते, फरशीची ओल इथे चढते. वरची सगळी केबल चकचकीत असते आणि शेवटच्या वीतभर भागात मात्र ती तपकिरी, फुगलेली दिसते. केबल फुगते कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतल्या तारा एकमेकींना बाहेर ढकलतात. एखादी जरी तार तुटून केसासारखी बाहेर आली असेल, तरी ती केबल संपली असं समजा. बघायचं ते डोळ्यांनी. उघड्या हाताने चाचपू नका, आणि तो कंस तर कधीच सैल करू नका. अनेक उत्पादक त्याचे बोल्ट मुद्दाम लाल रंगवतात, कारण त्या कंसावर स्प्रिंगचा सगळा ताण असतो.

तोल बरोबर आहे का, हे मात्र तुम्ही तपासू शकता, आणि वर्षातून दोनदा तरी तपासावं. दरवाजा पूर्ण बंद असताना मोटरपासून तो सोडवणारी लाल दोरी ओढा. दरवाजा उघडा असताना ती ओढायची नाही. स्प्रिंग तुटलेली असली तर सगळं वजन धाडकन खाली येतं. मग दरवाजा हाताने कमरेपर्यंत उचला आणि पकड जराशी सैल करा, पाय खाली न ठेवता. दरवाजा तिथेच राहिला तर तोल ठीक आहे. खाली घसरला तर स्प्रिंग थकली आहे, वर पळाला तर तिला पीळ जास्त आहे. दोन्ही वेळा जाणकार कारागिराला बोलवा. उचलतानाच दरवाजा अवजड वाटला तर पुढे जोर लावू नका.

गुंडाळून वर जाणारं शटर असेल तर त्याची स्प्रिंग वरच्या ड्रमच्या आत दडलेली असते आणि डोळ्यांना दिसत नाही. तिथे कानावर आणि हातावर विसंबावं लागतं. शटर उचलायला दिवसेंदिवस जड जायला लागलं, अर्ध्यात सोडल्यावर सरसर खाली आलं, तर स्प्रिंग संपत आली आहे. शटरचा खरा शत्रू बाजूच्या गाईड चॅनलमध्ये असतो. तिथे जुनं ग्रीस, वाळू आणि मीठ मिळून पट्ट्यांची टोकं घासणारी लुगदी तयार होते. ती लाकडी पट्टीने खरवडून काढा, चॅनल पुसा, आणि पुन्हा ग्रीस थापण्याऐवजी सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात द्या.

तेल कुठे, ग्रीस कुठे

हाताशी असलेला डब्ल्यूडी-४० चा डबा दिसेल तिथे मारायची सवय बहुतेक घरांत आहे. हे द्रव्य १९५३ मध्ये ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झालं, आणि नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं. ते काम ते उत्तम करतं. अडकलेला बोल्ट सोडवायला, ओल हटवायला, जुनी घाण सुटी करायला ते वापरा. पण मूळच्या त्या पातळ द्रव्याचा थर फार टिकत नाही, म्हणून फिरणाऱ्या भागांना त्यानंतर वेगळं वंगण लागतंच.

बिजागऱ्यांच्या सांध्याला, पोलादी रोलरच्या बेअरिंगला आणि दांड्याच्या टोकाच्या बेअरिंगला लिथियम ग्रीसचा स्प्रे चालतो. नायलॉनच्या रोलरला फक्त आतल्या बेअरिंगपाशी थेंबभर, चाकावर नाही. रबरी पट्ट्यांना सिलिकॉन, कारण खनिज तेलाने रबर फुगतं. आणि ट्रॅकला काहीच नाही. ट्रॅक पुसून कोरडा ठेवायचा. तिथे ग्रीस लावलं की वाळू आणि मीठ चिकटतं, रोलर फिरायच्या ऐवजी घसरायला लागतो.

कुलपात किंवा सांध्यात ग्रॅफाइटची भुकटी टाकायचा जुना उपाय किनाऱ्यावर टाळावा. ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, आणि खाऱ्या ओलीत त्याला टेकलेलं पोलाद किंवा ॲल्युमिनियम जास्त वेगाने खातं.

हीच गोष्ट दोन वेगळ्या धातूंची. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यातला दुबळा धातू दुसऱ्याच्या वाट्याचंही झिजतो. ॲल्युमिनियमच्या दरवाजाला स्टेनलेसचा स्क्रू लावला तर स्क्रूभोवती ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि खड्डे दिसायला लागतात. मध्ये नायलॉनचा वायसर घातला आणि भोकात थोडं सीलंट भरलं की दोघांचा संपर्क तुटतो. याच्या उलटची जोडी, म्हणजे स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला साध्या पोलादाचा लहानसा स्क्रू, ही तर त्याहून वाईट. तिथे तो स्क्रू भराभर संपतो.

स्टेनलेस म्हटलं की सगळं एकच, असं नाही. ३०४ जातीच्या स्टेनलेसवर समुद्राजवळ चहाच्या डागांसारखा तपकिरी रंग चढतो. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडसमोर ते बरंच जास्त तग धरतं. बिजागऱ्या, रोलरचे दांडे आणि बोल्ट बदलायची वेळ आली की किनाऱ्यालगत ३१६ मागा. ते जमणारं नसेल तर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, म्हणजे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड बोल्ट घ्या. ते खडबडीत आणि मळकट दिसतात, पण त्यांच्यावरचं जस्त चकचकीत बोल्टच्या कित्येक पट जाड असतं. माझ्या मते दरवाजा नवा घेण्याआधी फक्त हा सगळा फुटकळ लोखंडी सरंजाम बदलून पाहावा. पुष्कळदा दरवाजाचा पत्रा अजून चांगला असतो.

गंजलेल्या जागी रंग द्यायचा असेल तर क्रम महत्त्वाचा. सुटे पापुद्रे खरवडा, तारेच्या ब्रशने घासा, मग गोड्या पाण्याने नीट धुवा. ही पायरी सगळे गाळतात, आणि त्यामुळेच सहा महिन्यांत तिथेच पुन्हा फोड येतात. पूर्ण वाळू द्या, जस्तयुक्त प्रायमर द्या, त्यावर रंगाचे दोन हात. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेसवर लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण रुतून बसतात आणि तेच गंजायला लागतात.

लाकडी दरवाजाचं दुखणं वेगळं आहे, पण शेवट तिथेच येतो. आर्द्रता ५० टक्के असताना लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं, ८० टक्के असताना सोळाच्या आसपास. त्यामुळे ते फुगतं, चौकटीत अडतं आणि जडही होतं. कोरड्या लाकडाच्या वजनाला जुळवलेली स्प्रिंग मग कमी पडते. म्हणून रंग किंवा वॉर्निश देताना समोरची आणि मागची बाजू पुरत नाही. खालची आणि वरची कड, बिजागरीखालची जागा, स्क्रूची भोकं, सगळीकडे हात फिरला पाहिजे, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी कापलेल्या टोकांतून पितं.

मोटर आणि सेन्सर

दरवाजा खाली येता येता मध्येच थांबून परत वर जातो, ही किनाऱ्यावरची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा दोष दरवाजाच्या वाटेत काही आलंय का हे किरणाने पाहणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या छोट्या सेन्सरांचा असतो. ते जमिनीपासून पंधरा सेंटिमीटरपेक्षा उंच नसावेत असा अमेरिकेतला नियम आहे, म्हणजे ते नेमके ओल आणि मिठाच्या पट्ट्यात बसवलेले असतात. भिंगावर खारा थर चढतो किंवा कोळी जाळं विणतो, आणि किरण पलीकडे पोचत नाही. ओलसर मऊ कापडाने भिंग पुसा आणि दिवा स्थिर पेटतोय का बघा. तरीही लुकलुकत असेल तर मागच्या वायरीची टोकं पाहा. तांब्यावर हिरवट थर आला असेल तर वीज बंद करून तेवढा भाग कापून नवं टोक काढावं, आणि जोडावर वीजरोधक ग्रीस लावावं. सेन्सर त्रास देतो म्हणून त्याला बायपास करून टाकणं फार धोक्याचं आहे. दरवाजाखाली मुलं चिरडून दगावल्यामुळेच अमेरिकेत १९९३ पासून घरगुती मोटरींना अशी सुरक्षा बंधनकारक झाली.

सेन्सरशिवायची चाचणीही महिन्यातून एकदा करा. साधारण चार सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी दरवाजाखाली आडवी ठेवा आणि बटणाने दरवाजा बंद करा. फळीला टेकल्यावर दोन सेकंदांत तो उलटा फिरला पाहिजे. फिरला नाही तर दुरुस्ती होईपर्यंत मोटर वापरू नका.

वादळ आलं तर

किनाऱ्यावर गॅरेजचा दरवाजा हे घराचं सगळ्यात मोठं आणि बहुधा सगळ्यात लवचिक भोक असतं. १९९२ मध्ये फ्लोरिडात ॲन्ड्र्यू चक्रीवादळ आलं, तेव्हा गॅरेजचे दरवाजे आत ढकलले गेल्यावर वारा घरात कोंडला आणि आतून छपरं उचलली गेली, हे नुकसानीच्या पाहणीत पुढे आलं. तिथल्या बांधकाम नियमांत वाऱ्याला टिकणाऱ्या दरवाजांवर त्यानंतर कडक भर आला. अशा दरवाजाला आडव्या पोलादी पट्ट्या, जाड ट्रॅक आणि जास्तीचे कंस असतात. पण ती ताकद शेवटी बोल्टवर आणि भिंतीत रुतलेल्या कंसांवर उभी असते. बोल्टचं डोकं गंजून अर्धं राहिलं असेल तर कागदावरचा दर्जा कागदावरच राहतो. वादळाचा मोसम सुरू होण्याआधी ट्रॅक भिंतीला धरणारे बोल्ट एकेक करून पान्ह्याने तपासा. तळाचा लाल बोल्ट आणि स्प्रिंगचे कंस सोडून बाकी सगळे.

समुद्राकाठचं घर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर निघायच्या आधी दरवाजा आतून-बाहेरून धुऊन पूर्ण वाळवा, बिजागऱ्या आणि स्प्रिंगला वंगणाचा हात द्या, मोटरचा प्लग काढा. परत आल्यावर लगेच रिमोटचं बटण दाबू नका. आधी बाजूच्या दाराने आत जा, टॉर्च घ्या, स्प्रिंगखालच्या फरशीवर लाल भुकटी पडली आहे का, वेटोळ्यांत कुठे फट आहे का, दोन्ही केबल त्या गुंडाळणाऱ्या वरच्या ड्रमवर सारख्या ताठ आहेत का, तळकोपऱ्यात तारा सुटल्या आहेत का ते पाहा. यातलं एक जरी दिसलं तर दरवाजा बंदच ठेवा आणि गाडी बाहेर उभी करून कारागिराची वाट पाहा.